दीपगृह बघायचे आहे? आधी पंचांग बघा

या वेळी कोकणच्या सहलीविषयी आलेल्या पत्रांत किल्ले आणि मासळीबाजार मागे पडले आहेत आणि दीपगृहे पुढे आली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण निम्म्या तक्रारी तिच्यातूनच निघाल्या आहेत. दीपगृह दोनदा बघायचे असते: उजेड असताना आत चढून, आणि अंधार पडल्यावर लांबून.

गुहागरहून निघून एका दिवसात टाळकेश्वर, जयगड आणि रत्नागिरी अशी तिन्ही दीपगृहे आतून बघायची आहेत. गाडी आपली आहे. जमेल ना?
— एक कुटुंब, पुणे

नाही जमणार. रस्त्याचा काही दोष नाही, आड येते ते घड्याळ. बहुतेक दीपगृहे पर्यटकांसाठी दुपारनंतर, साधारण चार ते सहाच्या सुमारास उघडतात. सूर्यास्तापूर्वी लोकांना बाहेर काढून बत्ती लावायची असते. तिन्ही ठिकाणची वेळ जवळजवळ तीच, म्हणजे एका संध्याकाळी आतून एकच दीपगृह होते. बाकीच्यांच्या फाटकाशी दुपारी बारा वाजता उभे राहून पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. वेळ त्याने ठरवलेली नसते.

आमच्या मते दोन मुक्काम करा. पहिल्या दिवशी गुहागर सोडून अंजनवेलला जा. गोपाळगड दुपारी बघा, मग टाळकेश्वराच्या देवळाशी या. दीपगृह शेजारीच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तवसाळ गाठून फेरीबोटीने खाडी ओलांडा आणि जयगडला उतरा. जेटीवर चौकशी करून घ्या, कारण फेरी चुकली की पुढच्या फेरीपर्यंत नुसते उन्हात बसणे आले. जयगडचा किल्ला आणि खाली कड्याच्या कुशीतला कऱ्हाटेश्वर यात दुपार छान जाते, आणि चार वाजता दीपगृह. हा मनोरा १९३२ चा, ओतीव लोखंडाचा. बाहेरच्या भिंतीवर हात ठेवला की दगडी मनोऱ्याशी असलेला फरक लगेच कळतो. रत्नागिरी तिसऱ्या संध्याकाळसाठी ठेवा, नाहीतर सोडा. तीन अर्धवट बघण्यापेक्षा दोन नीट बघितलेली बरी.

जाताना एक ओळखपत्र आणि सुटे पैसे जवळ ठेवा. तिकीट किरकोळ असते, कॅमेऱ्याचे वेगळे घेतात. सड्यावर, म्हणजे समुद्राकाठच्या कातळी पठारावर, मोबाइलला रेंज असेलच असे नाही, त्यामुळे फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका.

रात्री मुद्दाम दीपगृहाच्या पायथ्याशी जाऊन तासभर थांबलो. वर काहीतरी चमकत होते, पण चित्रात दाखवतात तसा झोत दिसलाच नाही. बत्ती नादुरुस्त होती का?
— एक वाचक, सांगली

बत्ती चांगली होती, तुम्ही उभे चुकीच्या जागी होता. भिंगाचे सगळे काम प्रकाश आडवा करून क्षितिजाकडे पाठवण्याचे. खाली जमिनीवर सांडलेला प्रकाश हा वाया गेलेला प्रकाश, म्हणून भिंगाची घडणच तो वाचवण्यासाठी केलेली असते. दिव्याखाली अंधार ही म्हण इथे अक्षरशः खरी. शिवाय जमिनीकडच्या बाजूने काही ठिकाणी काच मुद्दाम झाकतात, गावातल्या घरांवर रात्रभर फटकारे बसू नयेत म्हणून.

दुसरे असे की झोत म्हणून जो पट्टा दिसतो तो हवेतल्या बाष्पावर आणि धुळीवर पडलेला प्रकाश. जानेवारीतल्या कोरड्या, स्वच्छ रात्री नुसता ठिपका लखलखतो आणि विझतो. हवेत दमटपणा असला की पट्टे उमटतात.

दोन-चार किलोमीटर लांब, मध्ये पाणी असेल अशी जागा निवडा. रत्नागिरीचे दीपगृह रत्नदुर्गाच्या दक्षिणेकडच्या टेकडीवर आहे, ते मांडवी किंवा भाट्याच्या किनाऱ्यावरून चांगले दिसते. तिथे बसून एक खेळ करा. लखलखाटांचा एक गट सुरू झाला की मोबाइलचे घड्याळ चालू करा आणि पुढच्या गटाचा पहिला लखलखाट आला की बंद करा. जे सेकंद येतील तो त्या दीपगृहाचा आवर्तनकाळ. शेवटच्या लखलखाटापासून पुढच्या पहिल्यापर्यंतचाच काळोख मोजणे ही नेहमीची चूक, मग आकडा कमी येतो. तीनदा मोजून सरासरी घ्या.

किनाऱ्यावरच्या शेजारशेजारच्या दीपगृहांची लय मुद्दाम वेगवेगळी ठेवतात. नकाशावर ती लिहिलेली असते, म्हणजे काळोखात उतरलेल्या तांडेलाला, होडीच्या नाखव्याला, समोर कुठले टोक आहे ते कळते. दिवसा हेच काम मनोऱ्याचा रंग करतो. लाल-पांढरे पट्टे शोभेसाठी नसतात.

खांदेरीच्या दीपगृहावर जायचे आहे. थळहून होड्या मिळतात असे ऐकले. परत येताना होडी अडकून पडल्याच्या गोष्टीही ऐकल्या. काय खरे?
— गिर्यारोहकांचा एक गट, ठाणे

दोन्ही खरे. खांदेरीचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतला. दीपगृह १८६७ चे. १९९८ पासून बेटाला आणि दीपगृहालाही कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले त्यात खांदेरी आहे, त्यामुळे गर्दी वाढणार. बेट मुंबई बंदराच्या ताब्यात आहे, म्हणून मनोऱ्यात वर चढू देतील की नाही हे आधी विचारून घ्या. किल्ला, वेताळाचे देऊळ, चाकांच्या लोखंडी गाड्यांवरच्या तोफा आणि आपटल्यावर धातूसारखा वाजणारा दगड एवढे तर बघून होतेच.

आता होडीचे. थळच्या किनाऱ्यावर तिकीटखिडकी असलेली नियमित सेवा आहे असे समजून जाऊ नका. कोळी बांधवांची होडी ठरवावी लागते, आणि ती माणशी नव्हे तर अख्खी ठरते. दहा-बारा जण असलात तर परवडते. ठरवताना तीन गोष्टी तोंडावर बोलून घ्या: बेटावर किती वेळ थांबणार, उशीर झाला तर काय, आणि प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट आहे का. तिसऱ्याचे उत्तर "आमी हाव ना" असे आले तर दुसरी होडी बघा.

लोक अडकतात ते ओहोटीमुळे. बेटाच्या भोवती खडक आहेत. पाणी उतरले की धक्क्याजवळची वाट उथळ होते आणि होडीचा तळ लागायची भीती असते. थळच्या बाजूलाही पाणी मागे सरते आणि गुडघाभर चिखलातून चालत यावे लागते. म्हणून भरतीच्या आधी दोन तास निघावे आणि भरतीनंतर दोन तासांच्या आत परत फिरावे.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत किनाऱ्यावर अजून चालते: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती. द्वादशीला नऊ वाजता. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचे. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे हे गणित जमते. हा हिशेब मुंबई-अलिबागकडे जवळचा येतो. दक्षिणेकडे जाल तसा अर्धा-पाऊण तासाचा फरक धरा आणि नक्की वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरून पडताळा.

यावरून खांदेरीचा दिवस निवडा. एकादशी-द्वादशीला भरती साधारण सव्वाआठ ते नऊ, म्हणजे सातला निघून अकराच्या आत परत. चतुर्थी-पंचमीला सकाळी नेमकी ओहोटी सापडते, तो दिवस टाळा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. पाणी चढते जास्त, उतरते जास्त आणि ओढही जोराची. अष्टमीच्या आसपास भांगेचे पाणी असते, फरक कमी, खडक तेवढे उघडे पडत नाहीत. नवख्या गटाने भांगेचा दिवस बघावा, मग वेळेची थोडी चूक झाली तरी निभावते.

आणि जायचे ते सकाळी. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो, फेब्रुवारीनंतर तर फारच, आणि येताना होडीत प्रत्येक लाटेचा शिंतोडा अंगावर येतो. पिण्याचे पाणी माणशी दोन लिटर बरोबर न्या.

आईचे वय ७२, गुडघे दुखतात. तिला वरून समुद्र बघायचाच आहे. किती पायऱ्या असतात?
— एक वाचक, चिपळूण

ढोबळ हिशेब: एक पायरी अठरा सेंटिमीटरची धरली तर पंचवीस मीटरच्या मनोऱ्यात एकशे चाळीसच्या आसपास. पण कोकणात दीपगृहाला उंची बहुतेक वेळा टेकडीच देते, मनोरा ठेंगणा असतो. त्यामुळे "किनाऱ्यावरचे सगळ्यांत उंच" शोधू नका. जिथे गाडी अगदी फाटकापर्यंत जाते आणि मनोरा आखूड आहे असे निवडा. कोर्लईला गाडी कोळीवाड्यातल्या अरुंद रस्त्याने दीपगृहापर्यंत पोचते. समुद्र तर आवारातूनच पुरेसा दिसतो. त्यामागून कोर्लई किल्ल्यावर जाणाऱ्या पायऱ्यांच्या वाटेला मात्र आईंना नेऊ नका.

खरी अडचण पायऱ्यांची नसते, शेवटच्या टप्प्याची असते. गोल जिना संपला की भिंगाच्या खोलीत शिरायला बहुधा उभी लोखंडी शिडी आणि वर झडपेएवढे दार असते. चढताना काही वाटत नाही. उतरताना लोक समोर तोंड करून पाय टाकायला जातात आणि डोके आपटते किंवा पाय घसरतो. शिडीकडे तोंड करून, पाठमोरेच उतरायचे. आईंनी शिडीच्या खालच्या मजल्यावर थांबावे. तिथे खिडकी किंवा सज्जा असेल तर दृश्य तेच. चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनीही तेच करावे. वर चारी बाजूंनी काच असते आणि चारच्या उन्हात ती खोली भट्टीसारखी तापलेली असते.

भिंगाच्या खोलीत दिवसा पडदे का लावलेले असतात? आम्हाला भिंग नीट बघायलाच मिळाले नाही.
— इयत्ता नववीतली एक विद्यार्थिनी, मालवण

भिंग दोन्ही दिशांनी सारखेच काम करते म्हणून. रात्री ते मधल्या दिव्याचा प्रकाश समांतर करून बाहेर फेकते. दिवसा बाहेरून आलेले ऊन तेच भिंग मधोमध गोळा करते. लहानपणी भिंगाने कागद जाळतो ना, तसेच. दिवा, तारा, रंग, काहीही करपू शकते, म्हणून पडदे.

भिंग बघताना हे लक्षात घे. एकसंध जाड काच नसते. मधे एक फुगीर चकती आणि तिच्याभोवती तुकड्यातुकड्यांच्या कड्या. फ्रान्सच्या ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी १८२२ मध्ये ही रचना मांडली. जाड काचेचा मधला निरुपयोगी भाग काढून टाकून फक्त वाकलेला पृष्ठभाग ठेवला, त्यामुळे वजन खूप कमी झाले. फिरणाऱ्या भिंगाला चार बाजू असतील आणि एक फेरी वीस सेकंदांची असेल, तर दर पाच सेकंदांनी एक लखलखाट. दिवा विझत नसतो, भिंग फिरत असते. जुन्या दीपगृहांत हे जड भिंग पाऱ्याने भरलेल्या कढईवर तरंगत असे, म्हणून बोटाने ढकलले तरी फिरे. काचेला हात लावू नकोस. बोटांचा तेलकटपणा आणि हवेतले मीठ एकत्र बसले की काच धुरकट होते.

माहितीफलकावर "१६ सागरी मैल" असे लिहिले होते. मनोऱ्याच्या उंचीवरून हे कसे काढतात?
— निवृत्त अभियंता, कोल्हापूर

मनोऱ्याची उंची नाही, भरतीच्या पाण्यापासून दिव्याची उंची धरतात. ती मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा. बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीचेही वर्गमूळ काढा. दोन्हींची बेरीज गुणिले २.०८, म्हणजे सागरी मैल. उदाहरणार्थ दिवा पाण्यापासून ६४ मीटरवर आणि होडीत उभ्या माणसाचा डोळा ४ मीटरवर: ८ अधिक २ म्हणजे १०, गुणिले २.०८ म्हणजे जवळपास २१ मैल, साडेअडतीस किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे याच्या पलीकडे दिवा कितीही प्रखर असला तरी थेट दिसणार नाही. फलकावरचा आकडा मात्र कधी या हिशेबाने दिलेला असतो, कधी दिव्याच्या ताकदीवरून. दोन्हींतला लहान तो खरा उपयोगाचा. आणि उंची वाढवत नेणे नेहमी फायद्याचे असते असेही नाही. पावसाळ्यात ढग सड्यावर उतरले की फार उंचावरचा दिवाच आधी गडप होतो.

मुंबईचे प्रॉंग्ज दीपगृह ओहोटीला चालत जाऊन बघता येते का?
— एक वाचक, गिरगाव

१८७५ च्या या दीपगृहाकडे खडकांवरून ओहोटीला वाट आहे हे खरे. पण कुलाब्याचे ते टोक नौदलाच्या हद्दीत आहे. रीतसर परवानगीशिवाय नाही, कोणी "नेतो" म्हणाले तरी.

फोटो आणि ड्रोन?
— तीन-चार पत्रे

ड्रोन घरी ठेवा. दीपगृहे, तटरक्षक दलाची ठाणी, बंदरे, रत्नागिरीत विमानतळ, हे सगळे किनाऱ्यावर जवळजवळ आहे. उडवलात तर चौकशीत संध्याकाळ जाईल.

फोटोसाठी सूर्यास्तानंतरची वीस ते तीस मिनिटे सर्वांत चांगली. आकाश निळे असते आणि बत्तीही लागलेली. तिपाई हवीच, आणि तिच्या मधल्या आकड्याला पिशवी अडकवा, नाहीतर सड्यावरचा वारा फोटो हलवतो. छिद्र एफ ५.६, आयएसओ ४००, वेळ दहा-पंधरा सेकंदांपासून सुरू करा. आवर्तनकाळाएवढा वेळ ठेवला की लखलखाटांचा एक पूर्ण गट चित्रात येतो. त्याहून बराच जास्त ठेवला तर दिव्याच्या जागी नुसता पांढरा डाग. परतल्यावर भिंग कोरड्या फडक्याने घासू नका. मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने उडवा, मग ओलसर कापड.

फोटोसाठी कड्याच्या टोकाशी जाणाऱ्यांना मात्र जरा कडक शब्दांत. जांभ्याचा वरचा थर कठीण, पण त्याखाली मऊ माती असते. लाटा आणि पावसाचे पाणी ती खालून पोखरून नेतात आणि वर नुसते छप्पर उरते. वर उभ्या माणसाला हे दिसत नाही. कडेपासून पाच-सहा पावले आत थांबा, आणि तडा दिसला तर त्याच्याही आत. खाली उतरून कातळावर बसणाऱ्यांनी काळ्या-हिरव्या ओल्या पट्ट्याच्या वरच राहावे. तो पट्टा म्हणजे लाट कुठवर येते याची खूण, आणि शेवाळावर कुठलीही चप्पल टिकत नाही.

मुलगी ॲबर्डीनला शिकते. जुलैमध्ये तिच्याकडे जाणार आहोत. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचे एखादे जुने दीपगृह बघण्यासारखे आहे का?
— दापोलीचे एक जोडपे

फ्रेझरबर्गचे किनेर्ड हेड. १७८७ मध्ये जुन्या वाड्याच्या माथ्यावरच दिवा बसवला. देवगडला किल्ल्यात दीपगृह बघितलेल्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. १९९१ मध्ये शेजारी नवा दिवा आला आणि जुने दीपगृह स्कॉटिश दीपगृहांच्या संग्रहालयाचा भाग झाले. भिंगे हाताच्या अंतरावरून बघायची असतील तर यासारखी जागा नाही. पेटलेली बत्ती बघायचा बेत मात्र जुलैत करू नका. तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि नंतरही पुरता काळोख होत नाही. वाऱ्याला अडवेल असा जाकीट जुलैतही न्या, छत्री नको.

जीपीएस आल्यावर ही दीपगृहे चालू ठेवण्यात काय अर्थ?
— एक वाचक, नाशिक

यंत्र बंद पडते, बॅटरी उतरते, उपग्रहाच्या संकेतात गडबड होते. डोळ्याला दिसणारा दिवा हा त्या यंत्रावर ठेवलेला दुसरा साक्षीदार. लहान होड्यांना तर तोच पहिला. शिवाय आता दीपगृह म्हणजे नुसता दिवा राहिलेला नाही. जहाजाच्या रडारला उत्तर देणारे रेकॉन आणि जहाजांची ओळख टिपणारी यंत्रणा त्याच मनोऱ्यांवर बसवलेली असते. कायदाही बदलला: १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये सागरी दिशादर्शक साधनांचा नवा कायदा आला. आवारातल्या तारा आणि अँटेना फोटोत नको म्हणून ओढूनताणून बाजूला करू नका, असे सांगायची वेळ येते, म्हणून लिहिले.

वेंगुर्ल्यासमोरच्या बेटांवरचे दीपगृह पावसाळा संपताच, सप्टेंबरमध्ये, बघता येईल का?
— एक वाचक, सावंतवाडी

घाई करू नका. मासेमारीबंदी ३१ जुलैला उठली तरी दर्या शांत व्हायला वेळ लागतो, आणि त्या खडकांवर उतरायला सपाट पाणी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे, तेही निवतीच्या अनुभवी तांडेलाबरोबर आणि दीपगृह खात्याला विचारूनच. त्या बेटांच्या गुहांत पाकोळी पक्ष्यांची घरटी आहेत. लाळेच्या त्या घरट्यांची एके काळी चोरटी तस्करी चाले, म्हणून तिथे फिरणाऱ्यांकडे लक्ष असते. गुहांत शिरू नका.